सिंगापूरला चाललाय? मग ‘ला’ म्हणायच्या आधी आपली ‘की’ आणि ‘व्हय’ नीट ऐका

गेल्या महिन्यात माझा मामेभाऊ सिंगापूरला गेला. शिरोली एमआयडीसीत पाच वर्षं सीएनसी मशीन चालवली, मग एजंट, मग मेडिकल, मग तिकीट. जायच्या आधी पंधरा दिवस रोज संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खात खात माझं डोकं पण खात होता, अक्का तिथलं इंग्लिश कसलं असतंय सांग की, व्हिडिओ बघितले तर सगळी माणसं वाक्या-वाक्याला ला ला करतायत, आपण पण तसंच करायचं काय. मी म्हटलं तसं करशील तर हसतील, थांब, नीट सांगतो. त्याला तुकड्यातुकड्यानं जे सांगितलं तेच इथं एकत्र लिहितोय, कारण गल्लीतली अजून दोन पोरं तयारीत आहेत आणि प्रत्येकाबरोबर भेळ खायची माझ्या पोटाची ताकद नाही.

आधी एक खुलासा. मी बाई आहे. सिंगापूरच्या जुरोंग भागात एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीत सहा वर्षं काढली. तरी ‘मी गेलो, मी आलो’ असंच लिहिणार, कारण कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात. तिथं माझ्या रूमवर पुण्याची एक पोरगी होती, पहिले दोन महिने तिला वाटायचं माझं मराठी कच्चं आहे. मग एक दिवस तिच्याच लक्षात आलं की मी कधी चुकून सुद्धा ‘जाते’ म्हणत नाही, म्हणजे ही चूक नाही, नियम आहे. सिंग्लिशचं, म्हणजे सिंगापूरच्या त्या ला-ला इंग्लिशचं, अगदी हेच. बाहेरच्याला मोडकं इंग्लिश वाटतं, आणि आतल्या माणसाला तुमचं एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी लगेच टोचतं.

सिंगापूरच्या सरकारी भाषा चार, इंग्लिश, मँडरिन, मलय आणि तमिळ. शिवाय जुनी चिनी माणसं घरात होक्कियन, टिओच्यू, कँटोनीज असलं बोलायची. हे सगळे लोक बाजारात, बंदरावर, लष्करात एकमेकांशी बोलायला लागले की जे तयार झालं ते सिंग्लिश. शब्द बरेचसे इंग्लिश, पण वाक्य बांधायची पद्धत चिनी आणि मलय वळणाची. त्यामुळं शाळेतलं इंग्लिश घेऊन गेलात तर शब्द कळतात आणि अर्थ निसटतो, हे माझं झालंय, पुढं सांगतो.

पहिला आठवडा फक्त ‘कॅन’

काही बोलायची भीती वाटत असेल तर एकच शब्द घेऊन विमानातून उतरा. कॅन. शुक्रवारपर्यंत होईल का? कॅन. सुट्टे देता का? कॅन. इथं बसू का? कॅन कॅन. आपण जसं ‘होतंय की’ म्हणतो आणि विषय संपवतो तसं. मी सुरुवातीला ‘येस सर, इट विल बी पॉसिबल टू कम्प्लीट’ असली लांबलचक वाक्यं जुळवायचो, तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. प्रश्न विचारायचा तर ‘कॅन ऑर नॉट?’ म्हणजे जमतंय का न्हाई ते सांग. यात उद्धटपणा काही नाही, आपल्याकडं पण गवंडी असंच विचारतो.

पण ‘सी हाउ’ म्हणाले तर आशा सोडा. बघू की, म्हणतो ना आपण, वर्गणी मागायला आलेल्या पोरांना, तेच.

मग चहा, कारण चुकलं तर फटका लगेच बसतो

तिथल्या चहा-कॉफीच्या टपरीवजा हॉटेलाला कोपीतियाम म्हणतात. कॉफी म्हणजे ‘कोपी’, चहा म्हणजे ‘ते’. नुसतं ‘ते’ म्हटलात तर कंडेन्स्ड मिल्कचा गोडमिट्ट चहा येतो. पहिल्या दिवशी मी अंकलला म्हटलं, टी, नो शुगर. त्यानं काहीतरी विचारलं, ते ओ कोसोंग? मला वाटलं नाव विचारतोय त्या चहाचं, मी मान हलवली. आला काळाकुट्ट, बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा, आणि तो मी सगळा प्यालो कारण परत करायला इंग्लिश पुरत नव्हतं.

तर क्रम असा लक्षात ठेवा. आधी काय पाहिजे, ‘कोपी’ का ‘ते’. मग दूध. काहीच नाही बोललात तर कंडेन्स्ड मिल्क. ‘ओ’ म्हटलं तर दूध नाही, काळी, पण साखर असते. ‘सी’ म्हटलं तर इव्हॅपोरेटेड मिल्क आणि साखर, आपल्या चहाच्या चवीला हेच त्यातल्या त्यात जवळ. मग साखर. कोसोंग म्हणजे मलय भाषेत रिकामं, शून्य, साखर अजिबात नको. सिउ दाय म्हणजे कमी गोड. गा दाय म्हणजे जास्त गोड, पण ते म्हणायची वेळ सहसा येत नाही. मग दाटपणा, गाउ म्हणजे कडक आणि पो म्हणजे पातळ. आणि बर्फ पाहिजे तर शेवटी पेंग. म्हणजे ‘ते सी गाउ सिउ दाय’ म्हटलं की कडक, दुधाचा, कमी साखरेचा चहा हातात. एकदा हे जमलं ना की अंकल तुमच्याकडं माणूस म्हणून बघायला लागतो. मिसळवाल्याला ‘कट वेगळा द्या, तर्री वरनं’ म्हणणारा आणि नुसतं ‘एक मिसळ’ म्हणणारा यात जो फरक असतो तोच.

पार्सल पाहिजे असेल तर ‘दा बाव’ म्हणा, किंवा ‘टपाव’, दोन्ही चालतं. अंकल ‘हॅविंग हिअर?’ विचारतो ते ‘इथंच खाणार काय’ एवढंच. आणि हो, दुकानदार, टॅक्सीवाला, झाडू मारणारी बाई, सगळ्यांना अंकल आंटी. आपल्याकडं काका, मावशी, मामा चालतं तसंच आहे, त्यामुळं याची सवय लावावी लागत नाही.

जागा धरणे

सीबीएसला, म्हणजे आपल्या मोठ्या एसटी स्टँडवर, कागल गाडी लागली की खिडकीतून रुमाल कोण टाकतं? आपणच. तिथं जेवायच्या वेळेला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे पुष्कळ स्टॉल असतात तिथं, टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसेल, आजूबाजूला माणूस कुणी नसेल. ते कचरा नाही आणि फुकट पण नाही. ती जागा धरलेली आहे. याला ‘चोप’ म्हणतात. टेबल चोप कर, म्हणजे जागा धर. हा शब्द ‘चॉप’ म्हणजे शिक्का, यावरनं आला असं मानतात, आणि तो चॉप म्हणजे मूळचा आपला छाप. एवढ्या लांब जाऊन आपलाच छाप बसलाय टेबलावर. तर टिश्यू दिसला की गुमान पुढं जा, आणि स्वतः धरायची असेल तर टिश्यूच ठेवा, रुमाल नको. हे मी भावाला तीनदा सांगितलं होतं.

याच्याच शेजारचा शब्द कियासू. होक्कियन शब्द, हरायची, मागं पडायची भीती. हावरटपणा नाही बरं का तो. गाडीतली माणसं उतरायच्या आधी चढणारा, पोरगं बालवाडीत जायच्या आधी त्याला तीन क्लास लावणारा, लग्नात पहिल्याच फेरीत ताट शिगोशीग भरणारा, पुढं संपलं तर काय म्हणून. २००७ मध्ये हा शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्लिश डिक्शनरीत गेला, आणि २०१६ मध्ये शिओक, सॅबो असले अजून बरेच गेले. सिंगापूरची माणसं स्वतःलाच कियासू म्हणून हसतात, तुम्ही मात्र साहेबाला म्हणू नका.

आता खरं काम, शेवटची अक्षरं

इथं थोडं बसून वाचा, कारण सगळी पोरं इथंच घसरतात. यादी पाठ करतात, ला लावलं की झालं सिंग्लिश असं समजतात. ते ला म्हणजे मिठासारखं वरनं भुरभुरायचं नसतं.

एक काम करा. आपल्या घरातली ही वाक्यं मोठ्यानं म्हणा. बस. बस की. बस बरं का. बसलास व्हय? बसलाय न्हवं त्यो. बसायचं, मग काय तर. शब्द एकच आहे, बसणे. पण ‘बस’ म्हणजे हुकूम, ‘बस की’ म्हणजे आपुलकी आणि थोडा आग्रह, ‘बसलास व्हय’ म्हणजे मला खरं वाटत नाही किंवा मला आवडलेलं नाही. हे तुम्हाला कुणी शाळेत शिकवलं नाही, आईच्या बोलण्यातनं आलं. सिंग्लिश पण सगळं इथंच, वाक्याच्या शेपटीत आहे. मुंबईची माणसं तिथं अडखळतात, आपल्याला सोपं जायला पाहिजे, कारण शेपटी आपल्याकडं आधीच आहे.

‘ला’ म्हणजे साधारण आपली ‘की’. कॅन ला, म्हणजे होतंय की, काळजी कशाला करतोस. कम ला, ये की. कधी त्यात जवळीक असते, कधी वैताग असतो, ते सुरावरनं कळतं, जसं ‘चल की’ प्रेमानं पण म्हणतात आणि उशीर झाल्यावर दात ओठ खाऊन पण म्हणतात. आणि साध्या प्रश्नाला ला लागत नाही. मामेभाऊ सराव म्हणून मला म्हणाला, व्हेअर यू गोइंग ला? मी म्हटलं, आता मराठीत म्हण, ‘कुठं चाललास की?’ तो स्वतःच हसला. कानाला खटकलं ना, तसंच त्यांना खटकतं. तिथं ‘आ’ लावायचं, व्हेअर यू गोइंग आ, म्हणजे आपलं ‘कुठं चाललास रं’.

‘मे’ म्हणजे आपलं ‘व्हय’, शंका घेणारं. कॅन मे? म्हणजे जमतंय व्हय? मला तर वाटत नाही. हे साहेबासमोर जपून, कारण ‘तुम्हाला जमतंय व्हय’ असं आपण तरी कुठं म्हणतो वडीलधाऱ्यांना.

‘मा’ आणि ‘मे’ यात घोळ करू नका. मा म्हणजे आपलं ‘न्हवं’, हे तर उघडच आहे, तुला कसं माहीत नाही. ही इज बॉस मा. साहेब हाय न्हवं त्यो, उशिरा येणारच. आता इथं मे लावलंत तर ‘हा साहेब व्हय?’ होतं, आणि तो मागं उभा असला तर तुमचं काय होईल ते मी सांगत नाही.

‘लॉ’ मला सगळ्यात आवडतं. लिहिताना शेवटी र लावतात, बोलताना तो गायब असतो. यात हताशपणा आहे पण रडारड नाही. बस गेली? देन वॉक लॉ. चालत जायचं, मग काय तर. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं की माणसं जशी म्हणतात, आता फिरून जायचं, काय करणार, तो सूर. हा लॉ नीट लागला की समजा तुम्ही निम्मे सिंगापूरकर झालात.

‘ले’ हा त्यातला लाजाळू. बट आय ईट ऑलरेडी ले, म्हणजे पण मी जेवलोय ना हो, आग्रह करू नका. समोरच्याचं म्हणणं खोडायचंय पण दुखवायचं नाही तेव्हा ले. ‘हॉ’ म्हणजे ‘बरं का’, डोंट बी लेट हॉ, उशीर करू नकोस बरं का, यात गोडीत दिलेला दम असतो. ‘सिया’ हा मित्रांतला, आपल्या ‘लका’ सारखा, सो गुड सिया, भारी हाय लका. जिथं लका चालत नाही तिथं सिया पण चालत नाही, एवढा नियम पुरेसा आहे.

आणि आता माझी फजिती. पहिल्या महिन्यातली गोष्ट. बोअर गेज, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन, सापडत नव्हता, मशीनवर साठीतला एक चिनी अंकल होता त्याला विचारलं, अंकल, व्हेअर इज द बोअर गेज? तो म्हणाला, ऑन द टेबल वॉट. मला वाटलं ‘वॉट’ म्हणजे तो मलाच विचारतोय, काय म्हणालीस म्हणून. मी जरा मोठ्यानं म्हटलं, बोअर गेज! तो म्हणाला, टेबल वॉट! मी अजून मोठ्यानं, अंकल, बोअर, गेज! हातानं सिलिंडर करून दाखवला, आत बोट घालून दाखवलं. त्यानं मशीन बंद केली, चष्मा कपाळावर ढकलला, मला दंडाला धरल्यासारखं करून टेबलापाशी नेलं आणि गेजवर बोट ठेवून हळूच म्हणाला, हिअर. वॉट. बाजूला तमिळ टेक्निशियन हसून लोळायचा बाकी होता. त्यानं सांगितलं, सिस्टर, तो विचारत नाहीये, सांगतोय. हा वॉट सूर खाली टाकून म्हणतात आणि त्याचा अर्थ आहे, तिथंच तर आहे की! बघ की नीट! म्हणजे आपलं कोल्हापुरी ‘की’ जेव्हा चिडलेलं असतं तेव्हा तो वॉट. म्हणून सांगतो, शब्द ऐकू नका, सूर चढतोय का उतरतोय ते ऐका.

इंग्लिशच्या खाली लपलेलं मराठी

आता हे माझं स्वतःचं निरीक्षण आहे, कुणी पुस्तकात लिहिलंय असं नाही. काही वाक्यं सरळ मराठीतनं विचार करून बोललात तर बरोबर येतात. उदाहरणार्थ ‘व्हेअर गॉट’. तू उशीर केलास! व्हेअर गॉट लेट? म्हणजे कुठं उशीर झालाय? आपण पण नाही म्हणायच्या ऐवजी ‘कुठं’ म्हणतो ना, मी कुठं म्हटलं, मी कुठं खाल्लं. तसंच. ‘गॉट’ म्हणजे हाय. गॉट राइस? भात हाय का? वाक्याच्या शेवटी ‘वन’ येतो तो आकडा नाही, ही लाइक दॅट वन म्हणजे त्यो तसलाच हाय.

आणि ‘केना’. याला मराठीत इतका चपखल शब्द आहे की मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा उडालोच. केना म्हणजे बसणे. केना फाइन, दंड बसला. केना स्कोल्डिंग, शिव्या बसल्या. आपण बक्षीस बसलं म्हणतो का? नाही. ते पण चांगल्या गोष्टीला केना सहसा लावत नाहीत. केना ॲरो म्हणजे नको असलेलं काम गळ्यात पडलं. हा शब्द लष्करातला. तिथं १९६७ पासून पोरांना नॅशनल सर्व्हिस सक्तीची आहे, साधारण दोन वर्षं, आणि तिथनं बाहेर पडताना भाषा घेऊनच बाहेर पडतात. ‘सॅबो’ म्हणजे दुसऱ्याला मुद्दाम गोत्यात आणणं.

काम झालं हे सांगायला लियाओ. फिनिश लियाओ, संपलं. ईट लियाओ, जेवलो. काळ-बिळ काही नाही, वॉज आणि हॅड बीनची कटकटच मिटली. फक्त ‘लास्ट टाइम’ जपून, त्याचा अर्थ गेल्या वेळी असा नसतो, पूर्वी असा असतो. लास्ट टाइम हिअर गॉट फार्म. पूर्वी इथं शेत होतं. मी विचारलं होतं, म्हणजे गेल्या महिन्यात?

कान फसवणारे शब्द

मलय भाषेत संस्कृतातनं गेलेले शब्द खूप आहेत, भाषा म्हणजे बहासा, मुख म्हणजे मुका, सिंगापुरा तर आपलं सिंहपूरच. त्यामुळं ओळखीचं वाटतं आणि तिथंच पाय घसरतो. ऑफिसात एकीनं विचारलं, हू युअर मकान काकी? मी म्हटलं, माझी काकी कागलला असते. मकान म्हणजे खाणं, आणि काकी म्हणजे तिकडं पाय, आणि त्यावरनं जोडीदार, सोबती. जेवायला कुणाबरोबर जातेस एवढंच ती विचारत होती. ‘कॅनॉट ताहान’ म्हणजे सहन होत नाही. एका दुपारी शेजारचा मुलगा घाम पुसत म्हणाला, सो हॉट, कॅनॉट ताहान. मी लगेच पाण्याची बाटली पुढं केली, मला तहानच ऐकू आलं. आणि मजा म्हणजे तो प्याला पण. ‘माता’ आली म्हणून कुणी ओरडलं तर हात जोडू नका, माता म्हणजे मूळ अर्थ डोळा, आणि गल्लीच्या भाषेत पोलीस. जालान म्हणजे रस्ता, प्रत्येक पाटीवर दिसेल, मला वर्षभर जळणच वाटायचं. खाण्याच्या स्टॉलवरची आंटी ‘लाय लाय’ म्हणते ते लई नाही, ये ये म्हणतेय. मामा शॉप मात्र खरंच मामाचं, तमिळमध्ये पण मामाच, आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा टपरीसारखं छोटं दुकान. आणि धोबी घाट नावाचं मेट्रो स्टेशन आहे, तिथं कुणी कपडे धूत नाही आता, पण नाव ऐकून पहिल्या दिवशी बरं वाटतं.

बाकी पटापट सांगतो. शिओक म्हणजे नाद खुळा, खाण्याला जास्त करून, तांबडा रस्सा पहिल्या घोटाला जे करतो ते. सियान म्हणजे कंटाळा, जीव उबगणे. जियालात म्हणजे बोंबललं. पायसे म्हणजे ओशाळायला होणं, आणि छोट्या चुकीला सॉरीच्या ऐवजी पण म्हणतात. केपो म्हणजे चोंबडा. ब्लर म्हणजे बधिर, ॲक्ट ब्लर म्हणजे माहीत असून येड पांघरणे. बो जिओ, बोलवलं न्हाईस व्हय आम्हाला, हे फोटो टाकला की लगेच येतं. बो पियान, इलाज न्हाई. कॅच नो बॉल, डोक्यावरनं गेलं. ईट स्नेक म्हणजे साप खाणे नाही, कामचुकारपणा. अलामाक म्हणजे अगं बाई, अरे देवा. वालाव पण तसलंच, पण ते आपल्या ‘आयला’ सारखं, मूळ तितकं सोवळं नाही, मोठ्यांसमोर गिळा.

भेटल्यावर ‘ईट ऑलरेडी?’ विचारतात. जेवलासा काय, हेच. खरं उत्तर द्यायची गरज नाही, जेवलो म्हणायचं.

कुठं बोलू नये

सरकारनं २००० साली ‘स्पीक गुड इंग्लिश मूव्हमेंट’ काढली, लोकांनी नीट इंग्लिश बोलावं म्हणून, आणि लोकांनी नीट इंग्लिश शिकलं पण आणि सिंग्लिश सोडलं पण नाही. माझा मॅनेजर मीटिंगमध्ये कस्टमरसमोर बीबीसीवरच्या सारखं बोलायचा, दार उघडून बाहेर आला की अंकलला ‘सो हाउ? कॅन ऑर नॉट?’ हा जो दरवाजा आहे तो ओळखायला शिका. इंटरव्ह्यू, ईमेल, सरकारी काउंटर, डॉक्टर, इथं शाळेचं इंग्लिश. जेवण, टॅक्सी, मशीनवर, लिफ्टमध्ये, इथं सैल सोडा. समोरचा सुरू करेपर्यंत आपण सुरू करायचं नाही, हा माझा नियम होता.

आणि घाई नको. पुण्या-मुंबईचा माणूस पहिल्यांदा कोल्हापुरात येतो आणि बिंदू चौकात उतरल्यापासून प्रत्येकाला ‘नाद खुळा, काटा किर्र, लका’ करत सुटतो, तेव्हा आपण तोंडावर काही बोलत नाही पण मागं काय बोलतो ते आठवा. पहिले दोन महिने ऐका. कॅन आणि चहा एवढंच बोला. मग लियाओ घ्या, मग लॉ. ला सगळ्यात शेवटी, तो आपोआप तोंडातनं येईल, आणायचा नाही. आपला हेल पण घालवायचा प्रयत्न करू नका, त्यांना चालतो, तमिळ अंकल तमिळ हेलात सिंग्लिश बोलतो, मलय आंटी मलय हेलात.

मामेभाऊ जाऊन आता पाच आठवडे झाले. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढं आहे, त्यामुळं त्याची जेवणाची सुट्टी म्हणजे माझी स्वयंपाकाची वेळ. परवा भाकरी थापत असताना त्याचा व्हॉइस मेसेज आला. मागं हॉकर सेंटरचा नुसता कल्ला. म्हणतोय, अक्का, टिश्यू खोलीवर राहिला म्हणून रुमाल टाकला टेबलावर, आईनं दिलेला चौकडीचा. भात घेऊन येतोय तर क्लीनर आंटीनं रुमालानंच टेबल पुसून तो बादलीत टाकलेला, आणि टेबलावर एक अख्खं कुटुंब बसलंय. मग जरा थांबला, आणि कुणी शिकवल्यासारखं नाही, अगदी सहज म्हणाला, गॉन लियाओ. दा बाव लॉ.

मी पिठाच्या बोटानं उत्तर पाठवलं, बो पियान.